एकदाच सांगणाऱ्या टाकळकर मॅडम

टाकळकर मॅडमचा फोन आला की मी हातातलं काम बाजूला ठेवून कान लावून बसत असे. कारण त्या एकदाच सांगत आणि उत्तराची वाट न बघता फोन ठेवून देत. पण ते एकदाच सांगणं कसं असायचं, तर असं: "सर, बुधवारी या. मंगळवार झाल्यावरचा. धा वाजता या, म्हंजे नाश्ता झाल्यावर, जेवायच्या आधी. लॅबात या, स्टाफरूममधी मी नसंल." आमच्या कॉलेजच्या आवारात मोबाइलचा आवाज निम्मा पोचतो आणि निम्मा वाटेत कुठंतरी गळतो. पण मॅडमच्या बोलण्यातले कुठलेही चार शब्द गळाले तरी उरलेल्यांवरून निरोप पुरता लागायचा. आधी मला वाटलं, बाईंना बोलायची हौस आहे. मग कळलं की बाई जास्तीचं बोलतात ते मोजूनमापून बोलतात, आणि हाच त्यांचा विषय आहे.

परभणीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात आम्ही दोघं शिकवायचो. मी इंग्रजीचा. इंजिनिअरिंग कॉलेजात इंग्रजीचा मास्तर म्हणजे लग्नातला वाजंत्रीवाला, त्याच्यावाचून चालत नाही आणि त्याला पंगतीला शेवटी बसवतात. मॅडमचा विषय मात्र भारी. काचेच्या, केसाएवढ्या बारीक तारेतून, म्हणजे फायबरमधून, प्रकाशाच्या रूपात निरोप पाठवायचे आणि वाटेत त्यात चूक झाली तर पोचल्या जागी ती दुरुस्त करायची. या विषयात त्यांनी मोठ्या शहरातल्या मोठ्या संस्थेत पीएचडी केली आणि परत परभणीला आल्या. बाहेर कुठं जमलं नसेल, असा लोकांनी परस्पर निकाल लावला. त्यांना कुणी तोंडावर विचारलंच तर म्हणायच्या, "जमलं होतं. करमलं न्हाई."

मूळच्या बोरीच्या. वडील तिथल्या देवळात पुराण सांगायचे. मॅडमनी बोरीची भाषा कधी सोडली नाही, विद्यापीठाच्या बैठकीतसुद्धा नाही. बुटकी मूर्ती, सुती साडी, पदर कमरेला खोचलेला, पायात पांढरे खेळाचे बूट. एकदा स्नेहसंमेलनाच्या पाहुण्यांनी भाषणात सांगितलं की हे फायबर वगैरे सगळं आपल्या पूर्वजांकडं आधीच होतं. टाळ्या पडल्या. मॅडम पहिल्या रांगेतून उठून म्हणाल्या, "असंल. मग बोरीत रेंज कामून येत न्हाई?" पाहुण्यांनी ऐकलं नसल्यासारखं केलं, पण त्यांचं पुढचं भाषण फार वेळ चाललं नाही.

त्यांच्या वर्गाचा नियम एकच होता. "मॅडम, परत सांगा" असं म्हणायचं नाही. पोरं आधी बेजार व्हायची. मग पहिल्याच आठवड्यात मॅडम त्याचं कारण समजावून सांगायच्या. मी शेजारच्या वर्गात शिकवायचो आणि भिंत पातळ, त्यामुळं दरवर्षी मलाही ते ऐकायला मिळायचं.

"समजा, हितून तुमी हैदराबादला निरोप धाडला. प्रकाशाच्या वेगानं. तिथल्याला मधलं एक अक्षर लागलं न्हाई. 'परत सांग' हा त्याचा निरोप हिकडं यीस्तोवर तुमच्याकडून पोथ्याच्या पोथ्या निघून गेल्या. आता परत द्यायचं तर ते समदं तोवर कुठंतरी भरून ठेवायला पायजे. ज्वारी ठेवायला कणगी असती. प्रकाश ठेवायला कणगी हाय का कुणाकडं? न्हाई. मग काय करायचं? निरोप धाडतानाच संगं जरा जास्तीचं बांधून द्यायचं. वाटंत काही सांडलं तर तिथला गडी जास्तीच्यातून हिशेब लावून आपलं आपण भरून काढतो. परत मागायचं न्हाई. ज्याच्या त्यानं आपल्या टोकाला नीट करायचं."

प्रकाश अगदीच थोडा वेळ थांबवायचा असेल तर एक उपाय असतो म्हणे. फायबरचं मोठं भेंडोळं करायचं आणि प्रकाशाला त्यातून फिरवून आणायचं. तेवढ्यात पुढची वाट मोकळी झाली तर बरं, नाहीतर निरोप टाकून द्यावा लागतो. असं एक भेंडोळं मॅडमच्या लॅबमध्ये टेबलाखाली होतं. ते दाखवून त्या म्हणायच्या, "हे आमचं थांबायचं ठिकाण. पण हितं बसून थांबता येत न्हाई, पळत थांबावं लागतं."

आता हे पुस्तकात असतं आणि मास्तर लोक ते शिकवून घरी जातात. मॅडम ते घेऊन कॉलेजभर हिंडायच्या. आमच्या संस्थेच्या सचिवांच्या खोलीबाहेर एक बाक आहे. सचिवांनी बोलावलं की त्या बाकावर बसायचं आणि आत ते नुसते पेपर वाचत असले तरी ताटकळायचं, अशी रीत. सगळे बसत, मीही बसायचो. मॅडम त्या बाकावर कधी टेकल्या नाहीत. समोरच्या लिंबाला त्या दोन फेऱ्या मारायच्या आणि तोवर बोलावणं आलं नाही तर सरळ वर्गावर निघून जायच्या. मग शिपाई उत्तम मागून पळत यायचा. "मॅडम, साहेब बोलवायलेत." मॅडम चालता चालताच म्हणायच्या, "माझ्या फेऱ्या झाल्या. आता साहेबांना माझ्या टायमाला यायला सांग." आणि एकदा खरंच, एका सहीसाठी सचिव जिना उतरून लॅबच्या दारात आले. मी स्टाफरूमच्या खिडकीतून बघत होतो. मला झालेला आनंद लपवण्यासारखा नव्हता आणि मी तो लपवलाही नाही.

आमच्या कार्यालयाची आणखी एक रीत अशी की कुठल्याही अर्जाचं एक पान गहाळ होणारच. मग "परत द्या" म्हणून चार महिने काढायचे. मॅडमनी लॅबच्या सामानाचा अर्ज केला तेव्हा तीन पानं तीन टेबलांवर दिली. मजकुराचे तीन भाग आणि प्रत्येक पानावर दोन-दोन भाग, अशा बेतानं की कुठलंही एक पान हरवलं तरी उरलेल्या दोन पानांत सगळं सापडावं. रीतीप्रमाणे एक पान हरवलंच. कारकून म्हणाला, "मॅडम, एक पान मिळंना गेलंय. परत आणून द्या."

"देणार न्हाई. दोन हायत ना? त्यात समदं हाय. जरा वाचायची तसदी घ्या."

कारकुनानं नाराजीनं दोन्ही पानं शेजारी ठेवून वाचली. सगळं होतं. असे अर्ज करत करत तळमजल्याच्या टोकाच्या हॉलमध्ये मॅडमनी ती लॅब उभी केली होती. भेंडोळी, किट, प्रकाश मोजायची यंत्रं, आणि त्या सगळ्यांचा राजा म्हणजे फायबरची दोन टोकं वितळवून जोडणारं मशीन. सुट्टीच्या दिवशीही त्या तिथंच असत. घरात दुसरं कुणी नव्हतं आणि त्यांना त्याची खंत असल्याचं मी कधी पाहिलं नाही. त्या लॅबवर त्यांचा जीव होता.

एका वर्षी पोरांचं शिबिर ताडकळसला होतं. बाजाराचा दिवस. मॅडमनी बाजारातल्या सोळा माणसांना शाळेच्या मैदानावर चार ओळींत उभं केलं, कुणी टोपीवाले, कुणी बोडके. मग आमची काही पोरं उसन्या टोप्या घालून किंवा न घालता ओळींच्या टोकांना अशी उभी केली की आडव्या-उभ्या प्रत्येक ओळीत टोप्यांची संख्या सम व्हावी. "आता मी पाठ करते. कुणीबी एकानं टोपी असंल तर काढा, नसंल तर घाला." त्या वळल्या, बघितलं, आणि डोंबाऱ्यासारख्या ऐटीत उभ्या असलेल्या एका माणसाकडं सरळ बोट केलं. त्याची आडवी ओळ बिघडली होती आणि उभीही. जिथं दोन्ही छेदतात तो माणूस. लोक खूश झाले. दोनदा, तीनदा केलं, प्रत्येक वेळी बरोबर.

तेव्हा बाबाराव नावाचे एक म्हातारे पुढं आले. मॅडमना पाठ करायला लावून त्यांनी हळूच दोघांना खुणावलं. मॅडम वळल्या. या खेपेला दोन आडव्या आणि दोन उभ्या ओळी बिघडल्या होत्या, आणि त्या चार माणसांवर छेदत होत्या. मग म्हणाल्या, "ह्या टायमाला दोघांनी केलंय. ह्या चौघांतले दोघं. पर कोणते दोघं, ते मला सांगता येत न्हाई."

"सांगा की अंदाजानं," बाबाराव म्हणाले. "निम्म्याला निम्मी संधी हाय."

"न्हाई सांगणार. अंदाजानं बोट दाखवलं आन् चुकलं, तर ज्यानं काही केलं न्हाई त्याच्यावर आळ येतो. चूक हाय एवढं कळलं, तर तेवढंच बोलावं."

लोकांचा थोडा हिरमोड झाला. जादूगार शेवटच्या खेळाला हात वर करतो म्हणजे काय. पण बाबारावांनी मॅडमना स्वतःच्या पैशानं चहा पाजला.

गेल्या वर्षी संस्थेला तो टोकाचा हॉल हवासा वाटू लागला. नव्या कोर्सची पाटी लावायची होती, आणि पाटीला शोभेल असा दर्शनी हॉल तोच. मॅडमचा विषय परभणीत काय कामाचा, अशी कुजबूज सुरू झाली. तरी चालती लॅब काढून घ्यायला निमित्त लागतं. ते निमित्त एका दुपारी आपण होऊन चालत आलं. जोडाचं मशीन मोडलेलं सापडलं.

त्या दुपारी लॅबमध्ये शेवटच्या वर्षाचे चौघे होते. एक पूर्णेचा संदीप. वडील रेल्वेत गँगमन, पोरगा रोज गाडीनं ये-जा करणारा, शिवलेल्या बुटांचा. दुसरा एका संचालकांचा पुतण्या, ज्याला लॅबपेक्षा कँटीन जास्त आवडायचं. आणि दोन मुली, वैष्णवी आणि तिची मैत्रीण, दोघी परभणीच्याच, दोघी पहिल्या-दुसऱ्या नंबरच्या. चौघंही "आम्हाला माहीत नाही" म्हणाले.

सचिवांनी बैठक बोलावली. प्राध्यापकांचा प्रतिनिधी म्हणून मी होतो.

"एक नाव द्या," सचिव म्हणाले. "पालकांना बोलावू, भरपाई घेऊ, तुमची लॅब तुमच्याकडं राहील. नाव नसेल तर जबाबदार कुणीच नाही असा अर्थ होतो. आणि जिथं कुणी जबाबदार नाही, ती खोली संस्थेनं ताब्यात घेतलेली बरी."

कुणाचं नाव अपेक्षित आहे ते कुणी बोललं नाही. पण 'पूर्णेहून येणारी मुलं', 'घरचं वळण', असे शब्द टेबलावर येऊन पडत होते. संचालक स्वतः तिथं बसले होते आणि त्यांच्या पुतण्याकडं कुणाचा शब्द जात नव्हता.

मॅडम म्हणाल्या, "मी मशीन उघडून बघितलंय. त्यात दोन बिघाड हायत. एक पडल्याचा. दुसरा, पडल्यावर कुणीतरी स्क्रूड्रायव्हर घालून नीट करायला गेल्याचा. म्हंजे बहुतेक दोघं हायत. चौघांतले कोणते दोघं, ते मशीन सांगत न्हाई."

"तुमचा काही अंदाज असेलच की."

"हाय. म्हून तर देत न्हाई."

"मॅडम, लॅब जाईल तुमची."

"कळतंय मला. पर न कळलेलं नाव मी लिहून देणार न्हाई. तुमाला लिहायचं असंल तर तुमी लिहा, आन् खाली सही तुमची करा."

सचिवांनी सही केली नाही. लॅब मात्र बंद केली. जिन्यावर मॅडम माझ्याशेजारून उतरत होत्या, डोळे भरलेले आणि चेहरा रागानं लाल. मी म्हणालो, "एक नाव देऊन टाकायचं होतं मॅडम, पुढचं पुढं बघितलं असतं." त्या थांबल्या. "कोणाचं देऊ? तुमचं देऊ?" आणि त्या गेटकडं चालू लागल्या. मला त्यांचं फार वाईट वाटत होतं, आणि त्या एका नावानं कुणाचं काय झालं असतं तेही दिसत होतं.

पुढच्या आठवड्यात वैष्णवी आणि तिची मैत्रीण स्टाफरूममध्ये आल्या. वैष्णवी म्हणाली, "मॅडम, मशीन माझ्या हातून पडलं. हिनं उघडलं."

आम्ही दोघंही थक्क झालो. या दोघींचं नाव कुणाच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

"कामून उघडलं?" मॅडमनी मैत्रिणीला विचारलं.

"तुमीच म्हणता ना मॅडम, परत विचारायचं न्हाई, आपल्याच टोकाला नीट करायचं. म्हणून आमी नीट करायलो होतो. मग ते अजूनच बिघडलं, आन् सांगायची भीती वाटली."

मॅडमनी दोघींना समोर बसवलं. "ते निरोपाचं हाय गं," त्या म्हणाल्या. "मशीन उघडायच्या आधी माणसाला विचारावं. जास्तीचं म्हून लय सांगितलं मी, पर हे सांगायचं माझ्याकडूनच ऱ्हायलं."

मुली गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "सचिवांचा अंदाज एक होता. माझा दुसराच होता. मी बोलले असते तर मीबी चुकले असते." त्यांचा अंदाज कुणावर होता ते त्यांनी सांगितलं नाही. मला ते ठाऊक होतं, कारण माझाही त्याच पुतण्यावर होता.

मुली आपल्या पायांनी सचिवांकडंही गेल्या. आता नावं मिळाली होती, भरपाई द्यायला घरं तयार होती, तेव्हा लॅब परत मिळायला हरकत नव्हती. सचिव म्हणाले, "असू द्या गं, मुलांच्या हातून होतं असं," आणि त्यांनी दोघींना पेढे दिले. पेढे लॅबच्याच हॉलच्या नव्या पूजेचे होते. भिंतींना रंग लागून झाला होता आणि दारावर 'कृत्रिम बुद्धिमत्ता केंद्र' अशी पाटी चढली होती. बुद्धिमत्ता निदान कृत्रिम तरी येतेय, यावर आम्ही समाधान मानलं.

मॅडमनी मात्र समाधान मानलं नाही. त्या वर्षीच्या पोरांनी विषय आधीच घेतलेला होता, त्यामुळं त्यांचं प्रॅक्टिकल विद्यापीठाच्या नियमानं व्हायलाच हवं होतं. खोली नव्हती. मॅडमनी भेंडोळी व्हरांड्यात आणली आणि व्हरांड्यापासून कँटीनपर्यंत फायबर ओढायला काढलं. जोडाचं मशीन नव्हतं, म्हणून पोरं टोकाला टोक हातानंच, प्लास्टिकच्या छोट्या कुपीत बसवून जोडू लागली. असे जोड वाईट होतात. प्रत्येक जोडात थोडा प्रकाश सांडतो, निरोपात चुका शिरतात.

कँटीनवाल्याच्या टेबलावर त्यांनी दोन पडदे मांडले. व्हरांड्यातल्या कॅमेऱ्यासमोर पोरं उभी राहिली. पहिल्या पडद्यावर जसं पोचलं तसं चित्र, त्यात माणसांचे नुसते तुकडे दिसायचे. दुसऱ्यावर तेच चित्र जास्तीच्या मजकुरातून दुरुस्त केलेलं, आणि त्यात संदीपच्या बुटाचे टाकेसुद्धा मोजता येत होते. सगळं कॉलेज चहा प्यायच्या निमित्तानं तिथं लोटलं. नव्या केंद्रातली पोरंही आली.

"चांगल्या जोडावर हा धडा मला कधी धड शिकवताच आला न्हाई," मॅडम म्हणाल्या. "चुकाच होत न्हाईत, तर दुरुस्ती कशाची दाखवू?"

संदीपनं मान वर करून विचारलं, "मॅडम, अजून एक वाईट जोड करू का?"

"कर. कुठवर टिकतंय बघू."

मी निवृत्त झालो त्या दिवशी मला नारळ, शाल आणि सचिवांचं भाषण मिळालं. तिन्ही घेऊन रिक्षाची वाट बघत मी गेटपाशी उभा होतो. आवारात मॅडम एका स्टुलावर चढल्या होत्या, पदर खोचलेला, हातात फायबर. खाली चौघंही होते. दोघी मुली भेंडोळं उलगडत होत्या, संदीपनं स्टूल धरलं होतं, आणि तो पुतण्या तोंडात वायरी बांधायच्या पट्ट्या धरून उभा होता. फायबर आता कँटीनवरून पुढं निघालं होतं. कार्यालयाच्या इमारतीवरून, सचिवांच्या खिडकीच्या गजाला वळसा घालून ते मुलींच्या वसतिगृहाकडं चाललं होतं.

खिडकी उघडली, पुन्हा बंद झाली. थोड्या वेळानं उत्तम धावत आला.

"मॅडम, साहेब विचारायलेत, हे त्यांच्या खिडकीला कोणी बांधलं. नाव लिहून द्या म्हणायलेत."

मॅडमनी हातातली गाठ आधी पक्की केली. मग स्टुलावरूनच, सगळ्या आवाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ह्या टायमाला देते की. लिही. शकुंतला टाकळकर. अंदाज न्हाई, पक्कं हाय."

उत्तमकडं कागद नव्हता. तो तसाच नाव पुटपुटत माघारी गेला. मॅडम खाली उतरल्या, त्यांनी स्टूल उचललं आणि पुढच्या खांबापाशी नेऊन ठेवलं.